गळ्याचं माप

गाठ एक नाही, तीन आहेत, असं सर्जनबाईंनी सांगितलं तेव्हा खोलीतल्या दोन माणसांना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. पण त्या वेळी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सगळे मास्तरांच्या मानेकडे बघत होते.

मास्तर स्टुलावर ताठ बसले होते. वरची दोन बटणं सोडलेली, मान डावीकडे वळवलेली. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्याभोवती टेप फिरवलेल्या माणसाला स्वतःच्या गळ्यावर परक्याची बोटं सोसत नव्हती, आणि ते आवळलेल्या जबड्यावरून दिसत होतं. सर्जनबाईंची बोटं कानाखालून मानेच्या कडेने खांद्याकडे सरकली.

"मोठी गाठ उजवीकडे, तीन सेंटीमीटर," त्या टेबलाशी बसलेल्या ज्युनिअरला म्हणाल्या.

"उजवीकडे, तीन सेंटीमीटर," दाराशी उभा असलेला मास्तरांचा धाकटा भाऊ म्हणाला.

सर्जनबाईंनी वळून पाहिलं. धाकटा ओशाळला. त्यांच्या शर्टांच्या दुकानात माप घेणाऱ्याने ते मोठ्याने सांगायचं आणि लिहिणाऱ्याने ते तितक्याच मोठ्याने परत म्हणायचं, ही त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, घालून दिलेली शिस्त होती. अण्णा जाऊन एक पिढी उलटली तरी दोघा भावांचा दिवस त्यातच जायचा. मास्तर सांगणार, धाकटा म्हणणार. थोरल्या बहिणीने, आक्काने, त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मास्तरांच्या बायकोला, वहिनीला, असल्या वेळी हसू आलं ते तिने खोकल्यात लपवलं.

"कधीपासून आहे हे?" सर्जनबाईंनी विचारलं.

"महिना झाला असेल," वहिनी म्हणाली. "दाढी करताना यांच्या हाताला लागली."

मास्तरांनी नजर जमिनीवर वळवली. आक्का खिडकीबाहेर बघत होती. बाहेर नुसती पार्किंगची जागा होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

"सुईची तपासणी तर झालीय ना?" धाकट्याने विचारलं. त्या तपासणीसाठी मास्तरांना हाताला धरून त्यानेच आणलं होतं. "परत कापाकापी कशाला?"

"सुईने चार पेशी मिळतात. त्यावरून एवढंच कळलं की साधी सूज म्हणून सोडून देता येणार नाही. टीबी असू शकतो. लिम्फोमा असू शकतो, म्हणजे या गाठींचाच कॅन्सर. किंवा दुसरीकडून इथे आलेलं काही. तिन्हींची औषधं वेगळी. एक अख्खी गाठ काढून तपासल्याशिवाय मी अंदाजाने औषध देणार नाही. छोटासा छेद, भूल देऊन. तासाभराचं काम आहे."

"चाकू लागला की पसरतं," आक्का खिडकीकडे बघतच म्हणाली. "आमच्या वडिलांचं तसंच झालं. मानेला चाकू लावला आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळं आटोपलं."

"पसरत नाही हो. आधीच पसरलेलं असतं, ते चाकू लावल्यावर कळतं."

आक्काने हनुवटी जराशी वर केली, बस. ती हनुवटी घरात सगळ्यांच्या ओळखीची होती.

मास्तरांनी शर्टाची बटणं लावली आणि एकच प्रश्न विचारला. "हाताला काही होणार नाही ना?"

सर्जनबाईंनी त्यांच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं. "गाठी जिथे आहेत तिथूनच एक नस जाते, खांदा उचलणारी. ती जपूनच मी काम करते. पण धोका अजिबात नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. नस दुखावली तर खांदा उतरतो, हात वर न्यायला जड जातो. तुम्ही काम काय करता?"

"कटर आहे. शर्टाचं कापड कापतो."

"उजव्या हाताने?"

"उजव्या हाताने."

सर्जनबाईंनी मान हलवली. परवाच्या यादीत जागा आहे, म्हणाल्या, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. "आणि समोरून उघडणारा शर्ट आणा. डोक्यातून काढायचा नको." शर्टवाल्यांच्या घराला हे सांगायची खरं तर गरज नव्हती.

*

दुकानाच्या मागे कामाची खोली होती. मधोमध कापायचं लांब टेबल, त्यावर अण्णांच्या वेळची जाड कात्री, भिंतीला तीन शिलाई मशिनं, आणि खिडकीशी आक्काचं. शर्टाचं बाकी अंग कुणीही शिवो, कॉलर आक्काचीच. लग्न मोडून परत आली त्या वर्षापासून या दुकानातून बाहेर गेलेली प्रत्येक कॉलर तिच्या हातची होती, आणि कॉलरवरून दुकान ओळखणारी गिऱ्हाइकं होती. मास्तरांनी कापायचं, आक्काने कॉलर लावायची, धाकट्याने गिऱ्हाइकाला गोड बोलून परत यायला लावायचं, असा हा संसार चालत आला होता.

मधे दुसऱ्या दुकानावरून बिनसलं होतं. धाकट्याला तयार कपड्यांची शाखा काढायची होती, आक्काने ती हाणून पाडली, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी मास्तरांच्या तोंडून बोलत. "दादा, आक्काला सांग," आणि "त्याला म्हणावं." आज मात्र आक्काने चहा ओतला आणि पहिला कप धाकट्यापुढे ठेवला. वहिनीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"मी काय म्हणतो दादा," धाकटा म्हणाला, "घाई नको करूया. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ."

वहिनीने कप खाली ठेवला. "काल तर तुम्हीच म्हणत होता, उद्याच करून टाकू."

"काल मला खांद्याचं माहीत नव्हतं, वहिनी."

"म्हणजे खांद्याची काळजी आहे, मानेची नाही?"

"तसं कुठे म्हटलं मी? पण हे सगळं कुणाच्या हातावर चाललंय? उद्या तो हात वर गेला नाही तर? मी कापू कापड? मला सरळ रेघ मारता येत नाही, विचारा याला."

"खरंय ते," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज थट्टेचा होता, पण कुणी हसलं नाही.

"बरोबर बोलतोय तो," आक्का म्हणाली. कित्येक महिन्यांत तिने धाकट्याच्या बाजूने काढलेलं हे पहिलंच वाक्य. "गाठ दुखत नाही, ताप नाही, अंगावरचं मांस गेलेलं नाही. कशाला उगाच नसती आफत ओढवून घ्यायची?"

वहिनी नवऱ्याकडे वळली. "तुम्ही बोला ना काहीतरी. मान तुमची आहे."

मास्तरांनी कात्री उचलली, उघडली, मिटली. या कात्रीचा भार आधी खांदा पेलतो आणि मग मनगट, हे त्यांना अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खांदा उतरलेला कटर त्यांनी एकदा पाहिला होता. तो नंतर काजं करायचा, कोपऱ्यात बसून, आणि कुणी हाक मारली तरी वर बघायचा नाही.

"थांबू महिनाभर," ते म्हणाले.

आक्काने दीर्घ श्वास सोडला. धाकट्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. वहिनी उठून वर घरात गेली, आणि तिच्या पायांचा जिन्यावरचा आवाज खाली बसलेल्या तिघांनीही ऐकला.

*

महिनाभर थांबायचं ठरलं होतं तरी वहिनी बॅग भरायला लागली. हट्टाने. इस्पितळात न्यायचे कपडे तिने पलंगावर काढले आणि रागाच्या भरात मास्तरांचे शर्ट घडी करायला घेतले.

या घरात आल्यावर सगळ्यात आधी तिला शर्टाची घडी शिकवली गेली होती, स्वयंपाकघराच्याही आधी. कॉलर पाठीमागच्या लेबलावर दुमडायची, दोन्ही टोकं एकमेकांवर आणायची. टोकाला टोक लागलं पाहिजे. लेबल आक्का नेमकं मध्यावर लावते, त्यामुळे टोकं जुळली नाहीत असं कधी व्हायचंच नाही, म्हणून वहिनी हल्ली न बघताच दुमडायची.

आज नजर गेली, तर जुळली नव्हती. उजवं टोक बोटभर पुढे आलं.

तिने झटकून परत दुमडली. तेच. दुसरा शर्ट घेतला, निळा, गेल्या थंडीतला. त्याचंही उजवं टोक पुढे, पण थोडंसंच. मग तिने कपाटाच्या तळातून एक जुना पांढरा काढला. त्याची टोकं अशी बसली की एकच कॉलर दिसावी. ती पलंगावर बसली. आक्काच्या हातून चूक झाली, असं या घरात कुणी म्हणत नसे, कारण तशी ती होत नसे. मग ही चूक नव्हती, आणि वाढवलेली बाजू उजवी होती, गाठीची.

खाली आक्का एकटीच मशिनवर होती. वहिनीने तिन्ही शर्ट तिच्यासमोर टाकले.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

आक्काने पाय थांबवला. मशीनचं चाक जरा वेळ तसंच फिरत राहिलं. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण समोर पडलेल्या आपल्याच शिवणीपुढे खोटं बोलायची तिला लाज वाटली.

"गेल्या थंडीपासून," ती म्हणाली. "त्याच्या अंगावर कॉलर लावून बघत होते तेव्हा हाताला लागली. वाटाण्याएवढी."

"आणि तुम्ही कॉलर सैल केलीत!"

"काचत असेल त्याला, म्हणून." आक्काचा आवाज लहान झाला. "मधे कमी झाली होती गं. उन्हाळ्याच्या तोंडाला हाताला लागेचना. मी नव्या शर्टांच्या कॉलरची पट्टी परत आत घेतली. वाटलं, गेली एकदाची. म्हणून गप्प बसले. मग परत आली."

"बायको आहे मी त्यांची! मला सांगावंसं वाटलं नाही? डॉक्टरांनी तोंडावर विचारलं, मी मूर्खासारखी महिना म्हटलं, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात!"

"सांगितलं असतं तर तू त्याला चाकूखाली नेलं असतंस. अण्णांना नेलं तसं."

"अण्णांची गाठ कुणाला आधी कळली होती?"

हा प्रश्न वहिनीने नुसता रागाने फेकला होता. पण आक्काचा चेहरा असा उतरला की वहिनीच चपापली.

"त्यांनीच सांगितलं होतं मला," आक्का म्हणाली. "म्हणाले, पोरी, कॉलर उंच शिव माझी, गिऱ्हाईक बघतं. मी शिवली. मग अजून उंच. दोन वर्षं शिवत होते. सगळे म्हणायचे, अण्णांना काय शोभते कॉलर."

"मग चाकूने कसे गेले ते, आक्का?"

आक्काची हनुवटी या वेळी वर गेली नाही. इतकी वर्षं चाकूवर राग धरून ती जगली होती आणि आता तो राग ठेवायला जागा उरली नाही. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. वहिनीचा राग मावळला नव्हता, पण तिने शेजारचं स्टूल ओढलं आणि ती आक्काजवळ बसून राहिली.

मग वहिनीचा हात निळ्या शर्टावर गेला आणि तिथेच थांबला. ती शिवणारी नव्हती, पण इतकी वर्षं या घरात राहून तिला एवढं कळत होतं. "आक्का, पट्टी तुम्ही वाढवलीत. पण शर्टाचा गळा? पट्टी लांब आणि गळा जुन्याच मापाचा असेल तर ती बसेल कशी?"

"बसणार नाही. चुण्या पडतील."

"मग?"

"मीही घाबरत घाबरतच जोडायला घेतली होती," आक्का डोळे पुसत म्हणाली. "म्हटलं चुणी पडली की काहीतरी सांगून गळा वाढवून घेईन. पण नाही पडली. बरोबर बसली, टोकाला टोक. गळा त्याने आधीच वाढवून कापला होता."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

*

मास्तर बंद दुकानात काउंटरच्या मागे बसले होते. आक्का आली आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने उभी राहिली. दोघांच्या मधे काउंटर असलेलं बरं, असं दोघांनाही वाटलं असावं.

"बाळ, तुला कधी कळलं?"

मास्तरांनी काही वेड पांघरलं नाही. "तुझ्या थोडं आधी. टेप आपोआप गेला गळ्याशी, आणि पुढे गेला."

"आणि मी पट्टी वाढवली हे?"

"घातल्या घातल्या. काचेना म्हटल्यावर कळणारच की." ते किंचित हसले. "वाटलं, आक्काला माहीत आहे आणि ती काही म्हणत नाही, म्हणजे फारसं काही नसेल."

"आणि मला वाटलं, त्याने गळा वाढवलाय, म्हणजे त्याचं तो बघून घेईल."

दिवसभर मापं ओरडून सांगणाऱ्या या दुकानात हे एक माप दोघांनी घेतलं होतं, आणि दोघांनीही ते गिळलं होतं.

"परवा जायचं," आक्का म्हणाली.

"आणि खांदा?"

"मला भीती वाटत नाही असं नाही. पण कॉलर सैल करून करून मी एकाला पोचवलंय. दुसऱ्याला नाही पोचवणार." तिने काउंटरवर तळहात टेकला. "हात गेला तर तू खडूने आखून दे, मी कापीन. वाकडं कापलं तर शिव्या घाल. पण शिव्या घालायला तू असायला हवास."

मास्तर कात्रीने कडक झालेल्या आपल्या बोटांकडे बघत राहिले. त्यांना खूप भीती वाटत होती. खांद्याची होतीच, पण त्याहून जास्त त्या गाठीच्या नावाची, जे कळलं की परत न कळल्यासारखं करता येणार नव्हतं. इतके महिने त्यांनी कापड कापून ते नाव लांब ठेवलं होतं.

"धाकट्याला तू सांग," ते म्हणाले. "तो माझ्यावर ओरडेल."

"ओरडू दे. मी सांगते," आक्का म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी तिने आपल्या तोंडाने धाकट्याला हाक मारली.

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सर्जनबाई वॉर्डात आल्या तेव्हा आक्का पुढे झाली. "मी परवा गप्प बसले. गाठ गेल्या थंडीपासूनची आहे. मधे कमी झाली, मग परत वाढली." सर्जनबाईंनी कमी कधी झाली, पुरती गेली होती का, ताप होता का, असं खोदून खोदून विचारलं. रागावल्या नाहीत. "हे पॅथॉलॉजीला कळवते. कधी येते कधी जाते, हे त्यांना ठाऊक असलेलं बरं," एवढंच म्हणाल्या. धाकटा बाजूला तोंड फुगवून उभा होता. त्या रात्री तो आक्कावर इतका ओरडला होता की त्याचा घसा बसला होता, आणि ओरडून झाल्यावर तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला होता.

मास्तरांना आत नेलं. बाकावर तिघं बसली, मधे आक्का. दार उघडलं की तिघांच्या माना एकदम वळत, आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं गेलं की एकदम परत येत. वहिनीने आक्काचा हात कधी धरला ते दोघींनाही कळलं नाही.

शेवटी सर्जनबाई बाहेर आल्या, टोपी अजून डोक्यावरच. "एक गाठ सबंध निघाली. एक भाग टीबीच्या तपासणीला जाईल, बाकीची पॅथॉलॉजीला. शुद्धीवर येतायत, या."

मास्तरांच्या मानेला पट्टी होती आणि ओठ कोरडे पडले होते. डोळे धड उघडत नव्हते.

"खांदे वर उचला बघू. दोन्ही," सर्जनबाई म्हणाल्या.

डावा लगेच उचलला गेला. उजवा हलला नाही. धाकट्याने पलंगाची कड घट्ट धरली. मास्तरांच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्यांनी श्वास घेतला, आणि उजवा खांदा हळूहळू, वेदनेने थरथरत, वर आला. डाव्याच्या बरोबरीला.

"आता हात," सर्जनबाई म्हणाल्या. हातही गेला, कानापर्यंत. धाकट्याने पलंगाची कड सोडली.

*

रिपोर्ट आला तो लिम्फोमाचा. हळू वाढणाऱ्या जातीचा, कॅन्सरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. औषधं आहेत, ती बहुतेकांना लागू पडतात, पण रस्ता लांबचा आहे आणि मधूनमधून परत तपासत राहावं लागेल. आधी कळलं असतं तर, असं वहिनीच्या ओठांवर आलं होतं. आक्काकडे बघून तिने ते गिळलं.

औषधाची पहिली बाटली चढायच्या आदल्या दिवशी मास्तर कापायच्या टेबलाशी उभे राहिले. खांदा अजून दुखत होता, कात्री सावकाश चालत होती. त्यांनी पांढरं कापड घेतलं, स्वतःच्या शर्टाचं, आणि गळा कापला तो जुन्या मापाचा. गाठ यायच्या आधीच्या. तुकडे त्यांनी आक्कापुढे ठेवले. तिने गळ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पट्टीही जुन्या मापाची कापली.

शर्ट तयार झाला. मास्तरांनी तो घातला. आक्का समोर उभी राहिली आणि तिने कॉलरचं बटण लावायला घेतलं. मानेवरची नवी जखम चुकवत तिने पट्टी ओढली. बटण काजापर्यंत पोचलं नाही. तिची बोटं सवयीने शिवणीकडे गेली, उसवायच्या जागी.

"हात लावू नकोस," मास्तर म्हणाले. "हाच घालून बघायचा दर महिन्याला. बटण लागेल तेव्हा लागेल."

"आणि नाही लागलं तर?"

"तर कळेल. सगळ्यांना."

आक्काने बोटं मागे घेतली. बटण आणि काज यांच्यामधे तिने आपलं बोट आडवं धरून पाहिलं. मग तिने मान वर केली आणि अण्णांच्या शिस्तीप्रमाणे, पुढच्या काउंटरपर्यंत जाईल अशा आवाजात, माप सांगितलं.

"बोटभर कमी!"

पुढे काउंटरशी धाकट्याने मापाची वही ओढली आणि तो तिच्यावर वाकून राहिला. मग जिन्याच्या पायरीवरून, हातात घडी केलेले कपडे घेऊन उभ्या असलेल्या वहिनीने ते माप परत म्हटलं, तितक्याच मोठ्याने.

"बोटभर कमी."